सायलीची चौथी आवणी

पेठ, बुधवार

सहादू,

चिरंजीव म्हणावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, तीर्थरूप म्हणावं तर तशी लक्षणं नाहीत. तेव्हा नुसता रामराम घे. गुडघा काय म्हणतो? वहिनी मजेतच असतील (तू दिवसभर मैदानावर असतोस, मग नसायला काय झालं!). वणीत मुलींचा फुटबॉल क्लब एकट्याच्या जिवावर चालवतोस, याचं मला खरंच कौतुक वाटतं. आता आमचं ऐक.

घोटीचे दिनेशशेठ, भाताच्या गिरणीवाले, त्यांना फुटबॉलचं वेड लागलं. दुसऱ्या कुणी एक क्लब घेतला असता. यांनी तीन घेतले. नाशिकचा, घोटीचा आणि मी शिकवतो तो आमचा पेठचा. शेठचं म्हणणं, खेळाडू म्हणजे भाताचं रोप, उपटून दुसरीकडे लावलं की फोफावतं. म्हटलं, अहो शेठ, पण आवणी एकदाच करतात! तर हसले आणि मला पेढा दिला. (त्यांच्याकडे प्रत्येक शंकेवर पेढा मिळतो. माझी शुगर उगाच नाही वाढली.) परवा नाशिक आणि घोटी एकमेकांशी खेळले, तर हा गृहस्थ मधोमध खुर्ची टाकून दोन्हीकडच्या गोलांना टाळ्या वाजवत होता. वर मलाच विचारतो, आपण जिंकलो ना?

हसू नकोस, पुढचं ऐक. आमच्याकडे ठमाबाईची सायली आहे, सतरा वर्षांची. पेठकडून तिने सहा सामन्यांत नऊ गोल ठोकले आणि तिथेच पोरीचे ग्रह फिरले. शेठनी तिला उचलून नाशिकला लावली. तिथे पुढच्या फळीत आधीच पाच जणी, म्हणून ही बेंचवर. मग घोटीला लावली. तिथला कोच म्हणाला, पुढच्या महिन्यात जाणाऱ्या पाहुणीला मी कशाला शिकवू? मग परत पेठला. पण आमच्या बाकीच्या चांगल्या पोरी तोवर नाशिकला गेलेल्या. माझ्याकडे सहा जणी उरल्या, सामना कसला होतोय! वर्षभरात सायली एकूण अकरा मिनिटं खेळली. मात्र दर खेपेला शेठनी नवीन खेळाडू म्हणून तिला हार घातला आणि विचारलं, "कुठल्या गावची गं तू?" तिसरा हार तर पेठलाच, तिच्या घरासमोरच्या मैदानात. "पेठची," म्हणाली आणि रडायलाच लागली. मला इतका संताप आला म्हणून सांगू!

येत्या रविवारी तुझ्या वणीचा नाशिकशी सामना आहे आणि जिल्ह्याचा संघ निवडणारे बघायला येणार आहेत. पुढच्या वर्षी सायली वयात बसत नाही. निवड झाली नाही तर ती आईबरोबर द्राक्षबागेत कामाला जाणार, मग फुटबॉल संपला.

बाकी ठीक. माझं काही मागणं नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं.

तुझा,
देवराम

ता. क. : मागणं आहे. हे पत्र घेऊन आलेली पोरगी तीच. पिशवीत बूट आहेत आणि मी सही केलेला, आमच्या क्लबच्या सोडचिठ्ठीचा कागद आहे. रविवारी तिला पहिल्यापासून खेळव.

ता. क. २ : शेठ शुक्रवारी तुझाही क्लब विकत घ्यायला येणार आहेत. पेढा खाऊ नकोस.

ता. क. ३ : पत्र सायलीच्या हाती देणार, एवढ्यात कळलं, शेठ कालच येऊन गेले आणि तू पेढा खाल्लास! धन्य आहे बाबा तुझी! तरी तिला पाठवतोच आहे. रविवारी शेठ हार घेऊन येतील आणि विचारतील, "कुठल्या गावची गं तू?" वणीची म्हण, असं तिला पढवून ठेवलंय. ओळखायचे नाहीत. आणि तिने नाशिकवर गोल मारला, तरी टाळ्या वाजवतील.