उपडा कप

३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांची खोली आवरताना तुझं काय झालं असेल ते तू लिहिलं नाहीस, तरी कळलं. हे पत्र आईला वाचून दाखवशील तेव्हा पहिल्या पानावरच थांब. पहिल्या पानावर सगळं छान आहे.

तर छान ते असं. चहाच्या कारखान्यातली नोकरी पक्की व्हायला अजून तीन महिने आहेत, पण चाखणीच्या खोलीत मी आता रुळले. लांब टेबलावर कपांची रांग असते. चमचाभर चहा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा, जिभेवर घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. ज्या भुरक्यापायी आईने बाबांना आणि मला जन्मभर बोल लावले, त्याचाच मला आता पगार मिळतो, हे तिला मुद्दाम सांग. आमच्या मुख्य चाखणाऱ्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्या कौतुक करत नाहीत, पण परवा त्यांनी मला माझा स्वतःचा पांढरा कप दिला. सर्दी झाली, तोंड आलं, की सकाळी आपला कप टेबलावर उपडा घालायचा. कारण कुणी विचारत नाही. कप सरळ असेल तर मात्र आपला शब्द शेवटचा, तो मग बाईसुद्धा बदलत नाहीत.

हे दुसरं पान. मागच्या आठवड्यात बाईंना सर्दी होती. त्यांनी कप उपडा घातला आणि मी एकटीच चाखायला बसले. एका मोठ्या मालाला मला लोखंड चाटल्यासारखी चव लागली. मी तो नापास केला. वाळवणीच्या भट्टीचे पत्रे गंजले असणार, देखभाल नीट झाली नसणार, असं ठरलं आणि भट्टीवाल्या काकांना तिथून काढून गोदामात पेट्या उचलायला लावलं. पण ताई, दुसऱ्या दिवशी खोलीवरच्या पाण्यालाही तीच चव. दुधालाही, नुसत्या पोळीलाही. पित्त झालं असेल. बाईंना सांगायला धजत नाही, कप रोज सरळच ठेवते आणि अंदाजाने रेटते.

हे खुशाल आहेत. जहाजाच्या यंत्रांचं शिक्षण कठीण आहे म्हणतात. लोभ आहेच, काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच.

तुझी,
ठमी

९ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पहिलं पान वाचून दाखवलं. आई हसली नाही, पण ऐकत होती. बाबा गेल्यापासून ती ऐकतही नव्हती. दिवसभर खिडकीशी बसते, पुढ्यात ठेवलं तर खाते. माझ्या घरी आणलं म्हणजे सावरेल असं वाटलं होतं, पण पाहुणीसारखी वागते आणि त्याने मला भडभडून येतं.

दुसरं पान मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं. अगं शहाणे, पित्त कसलं डोंबलाचं! आमच्या थोरल्याच्या वेळी मला असंच झालं होतं. तोंडात सतत किल्ली धरल्यासारखं वाटायचं. तुझे भावोजी बिचारे भांडी बदलून थकले. जावईबापू सुट्टीवर येऊन गेले त्याला किती दिवस झाले ते आठव आणि आधी एखादी डॉक्टरीण गाठ.

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंदच झाला. मग आठवलं, तुझं लग्न, बाबांचं जाणं, जावईबापूंचं लांब जाणं आणि ही नोकरी, सगळं वर्षाच्या आत तुझ्या डोक्यावर पडलंय. आनंद झाल्याचीच लाज वाटली. आईला अजून काही सांगितलेलं नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस, पत्र लगेच पाठव.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं बरोबर निघालं. झालं समाधान? मला इतका राग आला होता की तुझं पत्र चुरगळून फेकलं आणि मग कॉटखालून शोधून काढलं.

डॉक्टरीण भली आहे. अभिनंदन वगैरे काही म्हणाली नाही. मूल ठेवायचं की नाही हे ठरवायला वेळ आहे, पण फार नाही, एवढं सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं की जीभ कधी ताळ्यावर येईल. तिला वाटलं असेल हिला वेड लागलं. कुणाची आठवड्यांत येते, कुणाची नऊ महिने येत नाही, म्हणाली.

ताई, मला आत्ता नको आहे. तुला नाही सांगणार तर कुणाला? अजून मला नवऱ्याच्या सवयी माहीत नाहीत. बाबांसाठी धड रडलेसुद्धा नाही, कारण तेराव्या दिवशी मी इथे हजर झाले. या सगळ्यात एकच गोष्ट माझी होती, ते टेबल आणि तो कप. तोही जाणार. यांना कळवलं तर शिक्षण सोडून धावत येतील आणि पुढे जन्मभर, तुझ्यापायी सोडलं, अशा नजरेने माझ्याकडे बघतील.

आणि काल गोदामाशी भट्टीवाले काका दिसले. पाठीला हात लावून उभे होते. मला पाहून नमस्कार केला. माझी जीभ चुकली होती हे त्यांना ठाऊक नाही, मला आहे. त्या दिवशी कप उपडा घातला असता तर निभावलं असतं. आता सांगायचं तर कारणही सांगावं लागणार आणि नोकरी पक्की व्हायच्या आत अशी जीभ कोण ठेवून घेईल? सांग, मी काय करू? रागावलेय तरी तुझीच,

ठमी

२६ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी तुझ्यावर ओरडायचं ठरवलं होतं. मग तू तेराव्या दिवशी पेटी उचलून गेलीस ते आठवलं. शाबास म्हणून मीच तुला गाडीत बसवलं होतं. तेव्हा तुझ्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं.

आता नीट ऐक. पोटातल्याचं काय करायचं ते तू ठरव. मला भाचरू हवंय म्हणून नको, आईचं मन रमेल म्हणून तर मुळीच नको. ठेवणार नसशील तर मी येऊन तुझ्याजवळ राहीन आणि कुणाकडे अवाक्षर काढणार नाही. ठेवणार असशील तरी येईन, फक्त तेव्हा गप्प राहायचं वचन देत नाही.

पण भट्टीवाल्या काकांचं तसं नाही गं. ते तुझ्या चुकीच्या पेट्या उचलताहेत. तुझा कप जाईल याचं मला फार वाईट वाटतंय, तू लहानपणापासून कधी काही हट्टाने मागितलं नाहीस. तरीही बाईंना सांग. आज ना उद्या पोट दिसेल, तेव्हा लोक आपोआप हिशेब लावतील आणि मग तोंड उघडण्यात काही राम उरणार नाही.

जावईबापूंनाही कळव. घाबरतील, घाबरू देत. लोभाचं काय विचारतेस, तो काही कुठे जात नाही.

तुझी,
ताई

११ एप्रिल

ती. आईस व सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र आईला सगळं वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस, गाळू नकोस. आई, मला दिवस गेले आहेत. ताईला आधीच माहीत होतं, तिच्यावर चिडू नकोस.

सोमवारी सकाळी मी माझा कप उपडा घातला. बाईंनी रीतीप्रमाणे कारण विचारलं नाही. मीच सांगितलं, की हा कप महिन्यापूर्वीच उपडा असायला हवा होता, मी नापास केलेला माल चांगला असणार आणि मला दिवस आहेत. बाईंनी हातातला चमचा पुसून ठेवला. मग त्यांनी तो माल मागवला, स्वतः चाखला आणि पास केला. दुपारी काका भट्टीवर परत गेले. ते मला भेटायला आले नाहीत, आणि त्यांनी का यावं?

संध्याकाळी बाईंनी माझा कप कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. इथे कप असा गुंडाळून हातात देतात तो परत न बोलावण्यासाठी, म्हणजे नोकरी गेली. दिवस गेले म्हणून नव्हे, महिनाभर खोटी जीभ टेबलावर बसवली म्हणून, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दारापर्यंत मात्र सोबत आल्या. जीभ परत आल्यावर एकदा चाखून दाखवायला ये, पण मी शब्द देत नाही, म्हणाल्या. मी खोलीवर येऊन बाबांसाठी रडले. इतक्या दिवसांनी, आणि तेही एका कपापायी.

हे शिक्षण सोडून यायला निघाले होते. मी कळवलं की आलात तर दार उघडणार नाही. त्यांचं उत्तर आलंय, त्यात निम्मं पत्र माझ्या खाण्याची चौकशी आहे. मूल ठेवायचं ठरवलंय. हवंय का, असं विचाराल तर अजून ठणकावून हो म्हणता येत नाही. पण डॉक्टरणीसमोर नको म्हणायला गेले तेव्हा तेही माझ्या तोंडून निघालं नाही. भीती फार वाटते. मी काही दिवस तिकडे आले तर चालेल का? चहासुद्धा कडू लागतो, लोभ तेवढा राहू द्या.

तुमची,
ठमी

१७ एप्रिल

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मीच लिहिते आहे. ताई मागे उभी राहून वाचायला बघते, तिला बाहेर घालवलं. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, बऱ्याच दिवसांत हातात पेन धरलं नव्हतं.

चालेल का म्हणून काय विचारतेस? लाज वाटली नाही विचारायला? तुम्हा दोघींच्या वेळी माझ्याही तोंडाची चव गेली होती. स्वयंपाकात मीठ किती पडलं ते कळेना, मग तुझे बाबा रोज आधी चाखून सांगायचे. दोन्ही वेळा चव परत आली. तुझी येईल तेव्हा येईल, बाईंनी बोलावलं तर जा, तुझ्या मुलाला मी बघेन. नाही बोलावलं तर दोघी मिळून त्यांना नावं ठेवू.

तू भितेस, भी. मीही भिते आहे. हे गेल्यापासून मला सकाळी उठायचं कशासाठी तेच कळत नव्हतं, आणि ते तुझ्या मुलामुळे कळलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यावर आत्तापासून ओझं नको. पण काल तुझं पत्र ऐकून मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

तो कप टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये. ताईच्या घरी सगळे चहा अगदी मुकाट्याने पितात. जन्मभर मी हेच मागत होते, आणि आता तो चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. चव लागो न लागो, माझ्यासमोर बसून एकदा मोठ्याने भुरका मार. मी ओरडले तर ओरडू दे.

वाट बघते,
तुझी आई