विहीर बघायला येशील तेव्हा

मु. पो. कळवण
१४ मे २०२५

दादा आणि उज्ज्वलावहिनी,

दोघांना माझा नमस्कार, निकिताला अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. पत्र बघून दचकू नका. सोयरिकीचं बोलणं फोनवर करत नसतात, रीतसर लिही, असा सासूबाईंचा हुकूम आहे. त्या शेजारी बसून सांगताहेत आणि मी लिहिते आहे.

तर आमच्या अमोलसाठी निकिताला मागणी घालते आहे. "लिही, मामाच्या पोरीवर आत्याचा हक्क पयला हाय," असं त्या म्हणतात. अमोल कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, हे मामाला ठाऊकच आहे. आणि आमचं पाणी. "ते लय लिही," म्हणाल्या. मे निम्मा झाला तरी विहीर भरलेली आहे. रान एक दिवस पडून राहत नाही. कोथिंबीर निघाली की मेथी, मेथी निघाली की पुन्हा कोथिंबीर. पोरगी सुखात राहील.

येत्या रविवारी विहीर बघायला ये. हे पत्र आणि भाजीची पिशवी अमोलबरोबर पाठवते आहे.

तुझी बहीण,
छाया


दादा,

हा कागद मेथीच्या जुड्यांखाली सापडेल. अमोलसमोर वाचू नकोस. वहिनीच्या हाती आधी लागला तरी चालेल, नाही तरी तुझ्या घरात पिशव्या तूच कुठे उचलतोस? दुसरं पत्र घरात सगळ्यांनी वाचून पाहिलं. हा कागद कुणी पाहिलेला नाही.

त्या पत्रात खोटं काही नाही. अमोल गुणीच आहे. दिवाळीत निकिता कॉलेजच्या कामासाठी इथे आली होती, तेव्हा तिची दगडांची पिशवी हाच रानोमाळ वागवत होता. ती त्याला आवडते, हे आईला न कळायला काय झालं? म्हणून तर हात जड झालाय.

तेव्हाच निकितानं मला आमच्या पाण्याचं गुपित सांगितलं. खालच्या बांधाशी काळ्या दगडाची लांबच लांब रांग आहे ना, ती म्हणे जमिनीत खोल गेलेली भिंत आहे. फार फार पूर्वी जमिनीला भेग पडली, खालून तापलेला रस वर आला आणि तिथेच थिजला. डोंगरातून जमिनीखालून उतरणारं पाणी या भिंतीशी येऊन अडतं. म्हणून भिंतीच्या अलीकडे जांभूळ, उंबर, वैशाखातसुद्धा बेडूक. रांग ओलांडली की तरवड, निवडुंग आणि उघडा मुरूम. "आत्या, पाणी खरं तर पुढेच निघालं होतं गं," ती म्हणाली. ती सहज म्हणाली आणि मी भाकरी थापता थापता रडले. तिला वाटलं, डोळ्यांत धूर गेला.

बाबांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि तिथल्या तिथे मला देऊन टाकलं. तेव्हापासून मी या पाण्याला बांधलेली आहे. रान रिकामं राहत नाही म्हणजे बाईही रिकामी राहत नाही. काढायचं, जुड्या बांधायच्या, पाणी भरायचं, पुन्हा पेरायचं. माहेरी आले तरी चहा उभ्यानेच पिते, म्हणून तूच चिडवतोस. रांगेपलीकडच्या सगुणाबाईची विहीर शिमग्यालाच आटते. हंडाभर पाण्यासाठी तिचे काय हाल होतात ते मी रोज बघते. तरी ती लेकीकडे महिनाभर राहून आली की मी जळते. मागे एका दुष्काळात आमचंही पाणी तळाला गेलं होतं. घर सुतकात असल्यासारखं झालं आणि मी मनातून खूश होते, दादा. दुपारी चक्क झोपले.

निकिताला डोंगर धुंडाळायचे आहेत. इथे आली तर ती भिंत रोज बघेल आणि तिच्या अलीकडेच राहील. अमोल तिला अडवणार नाही. कोथिंबीर अडवेल.

म्हणून रविवारी ये, विहीर बघ, चहा घे आणि नाही म्हण. पत्रिका जुळत नाही म्हण, काहीही म्हण. मी सगळ्यांदेखत तुझ्यावर चिडेन, नको ते बोलेन. माहेर तुटलं म्हणून रडेन आणि ते रडणं खरंच असेल, कारण त्यानंतर मला तिकडे कोण पाठवणार? तू मात्र शब्द फिरवू नकोस. माझ्याकडे बघून तर मुळीच फिरवू नकोस.

अमोलला यातलं काही माहीत नाही. पोरगा आशेने आलाय. त्याला पोटभर जेवू घाल.

यंदा पौर्णिमेला टपालाची वाट बघू नकोस.

राखी न पाठवणारी तुझी बहीण,
छाया