तीन गाश्पर आणि अळंब्यांची जागा

चि. सौ. झोफ्का,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? कोबी आंबवायला घातलास का? माझी तब्येत ठणठणीत आहे. म्हणजे कुणाची तरी आहे, पण ती माझीच का, हे हल्ली कळेनासं झालंय, आणि ते तुझ्या लेकीमुळे. तू फोनवर म्हणालीस की मामा चिडलाय म्हणून तिंकारा तिच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून माझी गोष्ट काढून टाकणार आहे. तर आधी काय काय झालं ते नीट ऐक.

गोष्ट मी मधमाश्यांच्या पेट्यांजवळ बसून वाचली. त्यात गाश्पर नावाचा एक विधुर (मिशी माझी, खोकला माझा, सदऱ्याचं तुटकं बटणसुद्धा माझंच) जंगलात अळंबी वेचायला जातो. तिथे त्याला दुसरा गाश्पर भेटतो, मग तिसरा. तिघेही म्हणतात, खरा तो मीच. अगं, मी गारच पडलो! सकाळी मी दोन कप मांडतो आणि मग एक गुपचूप परत ठेवतो, तेसुद्धा त्यात होतं. मार्येता गेल्यापासूनची सवय ती, कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेली नाही. पोरीने ती कधी पाहिली? वाचून मी रडलो, खोटं कशाला बोलू.

मग वाचनालयात पुस्तकाचा कार्यक्रम झाला. सगळं गाव आलं होतं. ल्युब्ल्यानाहून आलेल्या प्राध्यापकांनी बराच वेळ समजावलं की आजच्या माणसात ‘मी’ असा कुणी नसतोच, तो नुसता शब्दांचा बनलेला असतो, आणि गोष्टीतलं काहीही गोष्टीबाहेर शोधायचं नसतं. मी आ वासून ऐकत होतो. (जन्मभर ज्याची दाढी केली तो नाहीच म्हणे!) प्रश्न विचारा म्हटल्यावर शेजारचा रूडी उठला.

“मेरीमातेच्या देवळीपाशी गाश्पर डावीकडे वळतो म्हणे. ते ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?”

सगळ्यांनी कान टवकारले! तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे माणूस मरताना घरदार वाटून देईल, पण अळंब्यांची जागा सांगायची तर आधी सख्ख्या भावाला खोलीबाहेर काढील. पोरीने माझी जागा गावाला सांगून टाकली असं वाटून माझं डोकंच फिरलं. टोपी चढवली आणि तिंकाराकडे न बघता तडक घरी आलो. बिचारी पोर मंचावर खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात गेलो, तर डावीकडच्या झाडीत अख्खं गाव टोपल्या घेऊन वाकलेलं! रूडी, वाचनालयाच्या बाई, आणि शपथेवर सांगतो, ते प्राध्यापकसुद्धा. मी विचारलं, “साहेब, तुम्ही इकडे कुठे?” तर म्हणाले, “जरा हवा खायला.” (हातात सुरी होती.) लांबून रूडी ओरडला, “यातला तू कितवा रे, गाश्पर?”

टोपल्या मात्र सगळ्यांच्या रिकाम्या. भरणार कशा? जागा उजवीकडे आहे! वाचताना डोळे भरलेले, नंतर डोकं फिरलेलं, त्यात हे डावं-उजवं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लहानपणी सुट्टीला यायची तेव्हा पोरगी लपतछपत माझ्या मागे येत असणार, म्हणजे तिला ती पक्की ठाऊक होती. माझ्या आतलं सगळं तिने खरं लिहिलं आणि बाहेरची वाट तेवढी खोटी. सगळे गेल्यावर मी उजवीकडे गेलो आणि तिथे टोपी काढून उभा राहिलो. केवढी अक्कल, झोफ्का, आणि केवढी माया! एवढीशी होती गं ती.

मेहुण्यांना नमस्कार सांग.

तुझा दादा,
गाश्पर (तिघांपैकी जो घरी सापडला तो)

ता. क. सोबत वाळवलेली अळंबी पाठवतोय. कुठली ते विचारू नकोस.

आणखी एक ता. क. तिंकाराला सांग, गोष्ट काढू नकोस. गोष्टीच्या शेवटी घरातून मार्येता हाक मारते, “गाश्पर, कॉफी निवतेय!” आणि तिघेही एकदम म्हणतात, “आलो!” आता ती तेवढ्या एका पानावरच हाक मारते गं. जागा कमी पडत असेल तर एकदोन गाश्पर खुशाल गाळ म्हणावं, मार्येताला मात्र हात लावू नकोस.