मामांच्या कादंबरीतला खुनी कोण ठरवतो

रत्नागिरी, ता. ७ नोव्हेंबर १९३३

सौभाग्यवती कमळाअक्का हिला धाकट्या गोदाचा नमस्कार. तुझा खोकला, भाऊजींचा गुडघा आणि चाळीतला नळ, तिन्ही आता बरे असावेत.

प्रथम दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की आत्माराममामा कादंबरीतला खुनी पुष्कळ विचार करून ठरवतात. ते चुकीचे होते. ते देवीला विचारून ठरवतात. तेव्हापासून मला झोप नीट नाही, कारण माझे लग्नही आता त्याच रीतीने ठरायचे आहे.

(भाऊजी घाटावरचे, त्यांना समजावून सांग. रावजी गुरव देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यालाच आम्ही कौल म्हणतो.)

मामा स्वतःला कवी समजतात. लोक त्यांच्या कादंबऱ्या वाचतात, हा त्यांना लोकांचा दोष वाटतो. त्यांचा डिटेक्टिव्ह प्रेत सापडले की आधी कविता म्हणतो. 'हे प्रेता, बोल सत्वर, कोणी केले तुज गार' अशी चौदा कडवी संपेपर्यंत खुनी सावर्ड्याला पोचून चहा पीत असतो. मला अक्षरओळख मामांनीच करून दिली, म्हणून छापखान्याची स्वच्छ प्रत मी लिहिते आणि कौलाला न्यायची संशयितांची यादीही मीच करते. गेल्या वर्षी मामा म्हणाले, घरातली सगळी माणसे लिही, एकही गाळू नको. मी एकही गाळले नाही. त्यात तिसऱ्या प्रकरणात खून झालेले खोतही होते. बाकी सर्वांना डावी पडली, खोतांना उजवी.

"देवीनं उजवा दिलान," रावजी म्हणाला. "आता माणूस जिता का मेला, ता तुमी बघा."

"मेल्याला एकदा मारलात, आता फाशी पण त्यालाच होय?" असे सगुणामामी म्हणाली. पण देवीच्या शब्दाबाहेर मामा जाईनात. त्यांनी खोतांना एक जुळा भाऊ दिला. त्यासाठी खोतांच्या आईला मला मागच्या दोन प्रकरणांत जाऊन पुन्हा बाळंत करावे लागले. कादंबरी मात्र हातोहात खपली, कारण खुनी कोणालाच ओळखता आला नाही, अगदी लिहिणाऱ्यालाही. चूक माझ्या यादीची होती, हे मी मामांना तीनदा सांगितले. ते म्हणाले, प्रतिभा अशीच येते.

आता माझे. देवरुखचे काशीरामपंत बिजवर आहेत, वय बेचाळीस. त्यांचा एकच गुण मला सांगण्यात आला. त्यांनी मामांच्या कवितासंग्रहाच्या तीस प्रती घेतल्या. (उरलेल्या चारशे सत्तर माळ्यावर आहेत. सहा लोणच्याच्या बरण्यांखाली आहेत, म्हणजे चारशे चौसष्ट.) त्यांचे किराणा दुकान असल्याने तीस प्रती वाचल्या की त्यांच्या पुड्या बांधल्या, असे मी विचारले. रसिकाला असे विचारू नये, मामा म्हणाले. येत्या सोमवारी नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी, ता. २० ला नव्या कादंबरीतला खुनी आणि माझा नवरा, दोघांचा कौल एकाच नारळात लावायचा आहे. नवऱ्याची यादी या वेळी मामांनी स्वतः लिहिली.

"मामा, यात नाव एकच आहे," मी म्हटले.

"मग गाळायची भीती नाही."

"आणि डावी पडली तर?"

"पुन्हा लावू. देवीला शंभर कामं असतात, गोदे."

अक्का, माझी शंका देवीवर नाही. यादी लिहिणाऱ्यावर आहे.

मुलांना माझ्या नावाने एकेक लाडू दे, मोठ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
गोदा

ता. क. तुझ्याकडे राहून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देता येईल आणि पुढे मुलींच्या शाळेत नोकरी मिळेल, असे तू गणपतीत म्हणाली होतीस. ते मी खरे धरले तर चालेल का? (नाही म्हणायचे असेल तर लगेच लिही. उशिरा लिहिलेस तर पत्र इथे येईल आणि मी इथे नसेन.)

ता. क. दुसरा. वर 'चालेल का' असे विचारले, ते पूर्ण प्रामाणिक नाही. मामीने रावजीकडून माझे बोटीचे तिकीट आणवले आहे. मामांची प्रत शेवटचे प्रकरण सोडून पुरी करून मेजावर ठेवीन, कारण अर्धे काम टाकून जाणे मला जमणार नाही. भाऊजींना धक्क्यावर पाठव. मी शनिवारी, ता. १८ नोव्हेंबरला बोटीत चढते.