टेपचं दुसरं टोक

प्रिय प्रज्ञेश,

सप्रेम जय भीम. तू ओढ्यापलीकडे राहतोस, गच्चीतून हाक मारलीस तर मला ऐकू येईल, आणि आई पत्र लिहितेय म्हणून तुला हसू येईल. येऊ दे. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि समोर आलास की तुझा उतरलेला चेहरा बघून माझं अर्धं बोलणं राहून जातं. विहाराच्या ओट्यावर बसून लिहितेय. आपल्या घराच्या भिंती अजून ओल्या आहेत, आत बसलं की कुबट वासाने डोकं धरतं.

परवा तू म्हणालास, आई, आता तिथे काय ठेवलंय, माझ्याकडे राहायला चल. सोनालीने मधली खोली रिकामी केली, पडदेही लावले म्हणे. सून म्हणून पोरगी चांगली आहे. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, तेव्हा तू चिडून निघून गेलास. तुझं उत्तर या पत्रात आहे, पण ते द्यायच्या आधी मला बाकीचं बोलायचंय.

वाशीमहून आलो तेव्हा तू कडेवर होतास. खराडीत तेव्हा ज्वारी उभी असायची आणि मधेच एखादी काचेची इमारत. बाबांनी त्या इमारतींचे स्लॅब ओतले. पुढे त्यातल्याच एकीत तू गळ्यात कार्ड अडकवून कामाला लागलास, तेव्हा ते वस्तीभर सांगत फिरले की पोराची खुर्ची ज्या मजल्यावर आहे तो मजला मी ओतलाय. खरं म्हणजे ती इमारत दुसरीच होती. मी कधी बोलले नाही, एवढा आनंद झाला होता त्यांना.

ओढ्याच्या काठाला आपण हौसेने राहिलो नाही. दुसरीकडे कुणी राहू दिलं नाही म्हणून राहिलो. पण ओढा तसा समजूतदार होता. पाणी वाढलं की पलीकडच्या बाभळीच्या माळावर पसरायचं, आपल्याकडे विहाराच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत जायचं. एका वर्षी ते सगळ्यात वर आलं, तिथे बाबांनी जयंतीच्या कमानीतून उरलेल्या निळ्या रंगाची रेघ ओढली. तेव्हापासून वस्तीचा नियमच झाला. पाऊस लागला की बाबा छत्री घेऊन पायरीवर बसणार, आणि रेघेला पाणी टेकलं की सगळ्यांनी पोरंबाळं घेऊन रस्त्यावर जायचं. ते ओरडायचे, "अजून खुनेले पानी लागलं नाई, बसा निवांत," आणि लोक खरंच निवांत बसायचे. तूही त्याच आवाजावर अभ्यास केलास.

मग माळावर तुमची सोसायटी आली. तू तिथे फ्लॅट घेतलास तेव्हा मी पेढे वाटले, ते मला आजही गोडच वाटतात. तुझं वर जाणं मला कधी खुपलं नाही, हे नीट वाच. उन्हाळ्यात आमचे पत्रे तापायचे, आम्ही वर ओली पोती टाकायचो, आणि संध्याकाळी तुमच्या एसींची गरम हवा ओढ्यावरून आमच्याकडे यायची. तुमच्याकडे पृथ्वी वाचवायला वर्षातून एकदा तासभर दिवे बंद करतात, असं सोनाली सांगायची. आमच्याकडे पृथ्वी बरेचदा वाचते. मी असं म्हटलं तेव्हा आपण सगळेच हसलो होतो.

एका रविवारी तू मोजायचा टेप घेऊन आलास. आठवतं ना? पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं, असं विचारलंस. बाबांना केवढं वाटलं. शिकलेल्या पोराला बापाची रेघ हवी होती. त्यांनी पायरीवर बसून रेघेपाशी टेपचं टोक धरलं, दुसरं टोक घेऊन तू पार ओढ्याच्या काठापर्यंत गेलास, आणि मी चहाचे कप घेऊन उभी होते. तू आकडे मोबाइलमध्ये घेतलेस. तू सोसायटीच्या कमिटीवर आहेस एवढं आम्हाला ठाऊक होतं. मोजमाप दोन्ही काठांचं चाललंय, असंच आम्ही धरून चाललो. ज्या अर्थी आपला मुलगा मोजतोय, त्या अर्थी पूर अडवायला आपल्यालाही भिंत होणार.

भिंत झाली ती तुमच्या बाजूला. रेघेपेक्षा पुरुषभर उंच, आणि पार्किंग वाढवायला ओढ्याच्या पोटात सरकवलेली. बाबा दोन दिवस रोज पायरीवर जाऊन ती बघून आले. मग म्हणाले, होईल आपल्याकडचीही, प्रज्ञेश आहे ना तिथे.

त्या दुपारी महिन्याभराचा पाऊस तासाभरात पडला. बाबा नेहमीसारखे पायरीवर जाऊन बसले. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं आणि ते नेहमीसारखेच ओरडत होते. पण वरच्या वळणावर पाणी तुमच्या भिंतीवर आपटून फिरलं आणि वस्तीच्या मागून घुसलं. ते तिकडून कधीच आलं नव्हतं. रेघ कोरडी होती आणि मागच्या रांगेतल्या शकूच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. लोक घरात बसून राहिले, कारण बाबा, त्यांचे पोपटभाऊ, बसा म्हणत होते. शकूची किंकाळी ऐकली तेव्हा बाबा उठले. तिची सासू खाटेवरून हलू शकत नव्हती, तिला उचलायला ते आत गेले. दोघं दुसऱ्या दिवशी पुलाच्या नळ्यांपाशी सापडले. ते नुसते बुडून गेले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण जाताना त्यांना कळलं होतं की आपल्या आवाजामुळे लोक घरात राहिले, आणि ते मला सहन होत नाही.

तू पुलावरून धावत आलास, छातीभर पाण्यात शिरलास, तुझा बूट वाहून गेला. तुझं रडणं खोटं नव्हतं, हे मी कुणालाही सांगेन. तुमच्या सोसायटीने चादरी वाटल्या. चादरी चांगल्या आहेत. टीव्हीवर सांगतात, हवामान बदललंय, त्याला कुणाचा इलाज नाही. बदललं असेल. पण पाऊस दोन्ही काठांवर सारखाच पडला, आणि तुमच्या गाड्या कोरड्या राहिल्या.

गेल्या आठवड्यात चौकशीचे साहेब आले तेव्हा मी मागे शकूजवळ उभी होते. तुमचे चेअरमन म्हणाले, ओढ्याचं पाणी कुठवर चढतं याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती. तू त्यांच्या शेजारी होतास. मी वाट बघितली. तू खाली चपलांकडे बघत राहिलास. नोकरी, हप्ते, सोसायटीतली माणसं, सगळं तुझ्या मानेवर दिसत होतं मला. पण बाबांची रेघ तुझ्यासमोर खोटी पडली आणि तू पडू दिलीस.

म्हणून हे पत्र. सोमवारी साहेब पुन्हा विहारात येणार आहेत, आणि भिंतीआधी आपल्या काठावर कुणाला मोजमाप करताना पाहिलं का, असं शकू विचारत फिरतेय. बाबा गेले. तू बोलत नाहीस. उरले मी, चहाचे कप घेऊन उभी असलेली. मी सांगणार आहे, प्रज्ञेश, आणि तुझं नाव घेऊन सांगणार आहे. तुला ते दुसऱ्याकडून कळू नये. तू आधी उठून बोललास तर मी गप्प बसेन, मला त्याहून बरं काही नको. त्यानंतरही ती मधली खोली माझी असेल तर सांग, मी येईन. येताना तो टेप मात्र घेऊन ये. या वेळी रेघेपाशी मी धरते.

तुझीच,
आई