मशीनखालची जागा

बाबा, आज अकरा फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. वकीलसाहेबांनी टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र मी तिसऱ्यांदा वाचतो आहे. दोन काने आणि एक अनुस्वार सुटले होते, ते पेन्सिलीने दाखवून ठेवले. अकरा वाजता वर्ध्याला कामगार न्यायालयात सही करायची आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून आधी काय घडलं ते सांगतो. तुम्ही काम केलंत त्याच कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो. या दसऱ्याला मालकांनी नवीन टूम काढली, ज्याचं मशीन त्यानेच नारळ फोडायचा आणि हात जोडायचे. मी म्हटलं, मी बौद्ध आहे, मला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. कामावर परत घ्यावं म्हणून दावा केला आहे.

सुपरवायझर काका तुमच्याच वेळचे. गेटवर म्हणाले, "तुह्या बापानं सतरा दसरे काढले इथं, कधी तोंड उघडलं नाई. तुलेच काऊन एवढं बोचते?" मालकांच्या जबाबातही तेच आहे, वडील दरवर्षी पूजेला हजर. हजर होतातच तुम्ही. मी नऊ वर्षांचा असेन, नाचणगावहून तुमचा डबा घेऊन आलो होतो. अगरबत्त्या लागल्या, सगळे रांगेत उभे राहिले, आणि तुमचे फक्त पाय दिसतात, मशीनखालून बाहेर आलेले. हेच काका ओरडतात, "अबे, तुले दसऱ्यालेच बेअरिंग आठवते का?" खालून तुमचा आवाज येतो, "ग्रीस लागलं हाताले, भाऊ. तुमीच घ्या उरकून." सगळे हसतात. आरती संपल्यावर तुम्ही बाहेर येता, चिंधीने हात पुसता. सायकलवर मी विचारलं, काय बिघडलं होतं? तुम्ही म्हणालात, "काईच नाई. मायजवळ बोलू नको."

वडील पूजा टाळायचे असं काही आठवतं का, वकीलसाहेबांनी दोनदा विचारलं. आठवत असेल तर मालकांचा मुद्दाच पडतो, म्हणाले. मी आठवत नाही म्हणालो. तुम्ही लपत होतात हे मालकांसमोर वाचलं जावं असं वाटलं नाही. आता चौथ्या परिच्छेदात "अर्जदाराने निर्भयपणे नकार दिला" असं आहे. निर्भयपणे हा शब्द बिनचूक लिहिलेला आहे, तरी मी तो खोडला. का, ते तुम्हाला लिहिलेल्या या कागदावरच राहील, हा कागद फाइलला लावणार नाही. नारळ हातात दिला तेव्हा मी आधी वाकून खाली पाहिलं होतं. नवं मशीन जमिनीला टेकवून बसवलं आहे, माणूस शिरेल एवढी जागा नाही. असती, तर मीही पाना घेऊन खाली गेलो असतो.