स्मारकाच्या पोटातली किल्ली

१२ मे १९८८

प्रिय कासिल्दा,

टेकडीवरच्या स्मारकाचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय. यादवी युद्धात जिंकलेल्यांची नावं त्यावर आहेतच, आता हरलेल्यांचीही कोरायची. त्यावरून गावात महिनाभर भांडणं. म्हातारा ओनोफ्रे म्हणतो, "सातुर्निनो, माझं नाव दोन्हीकडे कोर. जिवंत असलो म्हणून काय झालं, दोन्ही बाजूंनी धरून नेलं होतं मला."

तुमच्या उंबरठ्यावरची किल्ली आठवते? तुझ्या बाबांची, एलादिओकाकांची खूण. आमच्या खाणीतला प्रत्येक पाथरवट दगडाच्या आत जाणाऱ्या बाजूवर आपली खूण कोरतो. ती दिसते फक्त पुढे तो दगड काढणाऱ्याला. एलादिओकाकांनी घरच्या दगडावर मात्र ती वर कोरली. युद्ध चालू असतानाच काका फ्रान्सला पळाले असं सगळं गाव म्हणायचं, तरी तुझी आई दर शनिवारी ती घासायची. धुण्याच्या हौदावर बायका म्हणायच्या, "ब्रीखिदा, फ्रान्समध्ये दुसरं दार मिळालंय त्याला. कशाला घासतेस?" ती कपडे पिळत राहायची.

बारा वर्षांपूर्वी हिमानं स्मारकाचा तळचा दगड सरकला. मी तो बाहेर काढला, तर त्याच्या मागच्या बाजूवर तीच किल्ली कोरलेली. स्मारक युद्ध संपल्यावरचं. म्हणजे काका पळाले नव्हते. माझे वडील तेव्हा खाणीवर मुकादम होते. मी विचारलं, तर ते जेवताजेवताच म्हणाले, "कैदी म्हणून आणला होता. दोर कुजलेला होता, मला ठाऊक होतं. दगडाखाली गेला. खाणीच्या कडेला पुरला. पळाला असं मीच उठवलं. सिमेंट भर आणि गप्प बस."

मी भरलं. त्यानंतर तुझी आई दोन वर्षं जगली. एकदा तिनं फळांच्या वड्या आणून दिल्या. म्हणाली, "तू कामानिमित्त फिरतोस. फ्रान्सकडचं कुणी भेटलं तर विचार हं, बाळा." मी "विचारतो" म्हणालो. वड्या खाल्ल्यासुद्धा.

वडील या हिवाळ्यात गेले. मी त्याचीच वाट बघत होतो, हेही लिहून टाकतो. काल मी सिमेंट खरवडून तो दगड पुन्हा बाहेर काढला. किल्लीचे तिन्ही दात शाबूत आहेत. तो मी परत बसवू दिलेला नाही. तू ये. हौदावरच्या ज्या बायका उरल्यात त्यांच्यासमोर, सगळ्या गावासमोर मी सांगेन. नाव स्मारकावर कोरायचं की हा दगड तुझ्या आईच्या कबरीशी न्यायचा, ते तू ठरव. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, मी सांगून झाल्यावर टेकडी उतरून जाईन.

म्हणायचा हक्क उरला नाही, तरी तुझाच,
सातुर्निनो